ओल्या बाळंतिणीचे प्रश्न: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे

रात्री दोनला आलेला मेसेज, लसीकरणाच्या रांगेत कानाशी येऊन विचारलेलं, लग्नाच्या मांडवात हात धरून बाजूला नेऊन विचारलेलं: असे हे प्रश्न साठत गेले. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या बायकांचे जास्त, थोडे नवऱ्यांचे, आणि काही सासवांचेही. "ताई, माझं नाव नका टाकू" हे जवळजवळ प्रत्येकीचं पहिलं वाक्य, म्हणून इथे कुणाचंच नाव नाही. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केलेत. उत्तराचा काही भाग दुसरीकडे असेल तर तिथला क्रमांक दिलाय. घाईत असाल तर प्रश्न 3 आधी वाचा. त्यातलं एखादं लक्षण दिसत असेल तर बाकीचं राहू द्या, आधी 108 ला फोन करा.

1. बाळंतपण नेमकं किती दिवसांचं? सव्वा महिना झाला की सगळं पूर्ववत होतं ना?

गर्भाशय मूळ आकाराला यायला साधारण सहा आठवडे लागतात. म्हणजे आपला सव्वा महिना आणि डॉक्टरांचे 42 दिवस जवळपास जुळतात. या बाबतीत जुन्या बायकांचा हिशोब चांगला होता. पण सव्वा महिन्याला न्हाऊन, देवाला जाऊन आलं की घरातले धरून चालतात की बाई आता मोकळी झाली. तसं होत नाही. गेलेलं रक्त भरून यायला, पोटाचे आणि खालचे स्नायू आवळायला, झोपेची घडी बसायला कित्येक महिने लागतात. सिझर झालेल्या किंवा बाळंतपणात जास्त रक्त गेलेल्या बाईला आणखी. सव्वा महिन्यानंतर तुम्ही थकत असाल तर तुम्ही नाजूक किंवा कामचुकार ठरत नाही.

2. मला कुणी सांगितलंच नव्हतं असं काय काय होतंय. हे सगळ्यांना होतं का?

बहुतेकींना होतं, बोलत कुणी नाही. पहिले काही दिवस रात्री घामाने चिंब व्हायला होतं, कारण अंगात साठलेलं पाणी बाहेर पडत असतं. बाळ अंगावर प्यायला लागलं की पोटात कळा येतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात त्या पहिल्यापेक्षा जोरात येतात. पहिल्यांदा शौचाला बसताना टाके उसवतील की काय अशी धास्ती वाटते. ते सहसा उसवत नाहीत, पण कुंथू नका. पाणी, भाज्या वाढवा आणि लागलं तर डॉक्टरांकडून मल मऊ करणारं औषध घ्या. टाक्यांसाठी दिवसातून दोनदा टबात कोमट पाण्यात बसल्याने आराम पडतो. मूळव्याध डोकं वर काढते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस झुबक्याने गळतात. ते वर्षभरात आपोआप थांबतं, तेलाच्या महागड्या बाटल्यांवर पैसे घालवू नका.

शिंकताना, हसताना, हंडा उचलताना लघवी निसटणं हे सगळ्यात जास्त लपवलं जाणारं दुखणं. कापडाची घडी ठेवून वर्षानुवर्षं निभावणाऱ्या बाया आहेत. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळतो तेच दिवसातून तीन वेळा, दर वेळी दहाएकदा आवळायचे आणि सैल सोडायचे. तीन महिने नेमाने करून फरक पडला नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. "पोरं झाली की असं होणारच" हे उत्तर कुणाकडूनही ऐकून घेऊ नका.

3. अंगावरून किती दिवस जातं? आणि धोका कधी समजायचा?

चार ते सहा आठवडे. आधी लाल, मग तपकिरी-गुलाबी, शेवटी पिवळसर-पांढरं. मध्येच जास्त काम झालं तर पुन्हा लाल दिसतं. तो शरीराचा "बस आता" असा निरोप असतो.

खालीलपैकी काहीही झालं तर वाट पाहू नका: तासाभरात एक पॅड पूर्ण भिजणं, लिंबापेक्षा मोठ्या गाठी पडणं, घाण वास, 100.4 च्या वर ताप, डोकं फुटेल असं दुखणं आणि डोळ्यांपुढे अंधारी, झटके, एकच पाय सुजून पोटरी दुखणं, छातीत दुखणं किंवा धाप लागणं, टाक्यांतून पू. रक्तदाब गरोदरपणात नीट होता, तरी बाळंत झाल्यावर सहा आठवड्यांपर्यंत तो अचानक वाढू शकतो. त्यामुळे डोकेदुखीला "जागरणाने झालं असेल" म्हणून बाम चोळत बसू नका. झटके आले तर ती अंगात येण्याची वेळ नाही. आधी दवाखाना, बाकीचं नंतर.

4. दोन दिवस झाले, दूध उतरलंच नाही. वरचं दूध सुरू करू का?

पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक. तो थेंबांनीच येतो आणि नवजात बाळाला तेवढाच पुरतो. दूध भरून यायला दोन ते चार दिवस लागतात, सिझरनंतर थोडं जास्तही. तोवर बाळाला पुन्हा पुन्हा छातीशी लावणं हाच उपाय. मध, साखरपाणी, गुटी काही नको. मध तर वर्षाच्या आत नकोच, त्यातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

दूध पुरतंय की नाही हे बाळाच्या रडण्यावरून ठरवू नका, लघवीवरून ठरवा. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा होत असेल आणि दोन आठवड्यांत जन्माचं वजन भरून आलं असेल तर पुरतंय. कमी होत असेल, बाळ सुस्त पडत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. स्तनाग्रांना चिरा पडत असतील तर बहुतेकदा बाळाने फक्त टोक धरलेलं असतं. त्याच्या तोंडात काळा भागही यायला हवा. एका बाजूला गाठ आणि ताप आला तरी पाजणं थांबवायचं नाही, आणि दवाखान्यात जायचं.

पाजणं हे शिकावं लागतं. आईपणाच्या ओघात ते आपोआप येतं ही समजूत, बाळाला पहिल्यांदा हातात घेतलेल्या पोरीवर फार अन्याय करते.

5. घरात पाणी कमी देतात. "पोट सुटेल, टाके पिकतील, बाळाला सर्दी होईल." खरं काय?

तिन्ही खोटं. आईच्या दुधात जवळजवळ 88 टक्के पाणी असतं, ते कुठून यायचं? बाळंतपणानंतर काही आठवडे रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते. त्यात पाणी तोडलं आणि बाईला बाजेवरून हलू दिलं नाही, तर पायाच्या किंवा मेंदूच्या शिरेत गाठ होण्याचा धोका वाढतो. या पथ्यापायी बद्धकोष्ठ, लघवीची जळजळ, मूतखडा हे तर आहेच. तहान लागेल तेवढं प्या, पाजायला बसताना जवळ तांब्या ठेवा. गरम पाणीच द्यायचा हट्ट असेल तर गरम प्या, भांडण नको. ओवा-शेपा घालून उकळलेलंही चालेल. प्रमाण कमी करू देऊ नका.

6. मे महिन्यात बाळंत झाले. पंखा बंद, खिडक्या बंद, खाटेखाली शेगडी. जीव जातोय. हे गरजेचं आहे का?

हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो, आणि भुसावळ-जळगावकडून सर्वांत जास्त. पारा 44-45 च्या घरात असताना बंद खोलीत निखारे ठेवणं हे बाळंतिणीवर आणि बाळावर दोघांवर संकट आहे. कोळशाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपेत माणूस जातं. नवजात बाळाला घाम नीट येत नाही, त्याला उष्णतेने ताप चढतो, पाणी कमी होतं. सिझरच्या टाक्यांभोवती कातडी काही महिने बधिर असते, तिथे शेक घेताना भाजलेलं कळतही नाही.

शेकण्यामागचं कारण समजून घ्या. मातीची घरं, सातपुड्यावरून येणारं थंडीचं वारं, पातळ गोधडी. अशा पौष-माघात बाळंतिणीला ऊब देणं शहाणपणाचं होतं. तोच नियम वैशाखात, पत्र्याच्या खोलीत लावला की उलटतो. पंखा लावा, थेट अंगावर नको असेल तर भिंतीकडे वळवा. कूलरही चालतो, फक्त त्याचं पाणी रोज बदला आणि खिडकी उघडी ठेवा. बाळाला एकच पातळ झबलं पुरे. धुरी द्यायचीच म्हणाल तर खोलीत फिरवून भांडं बाहेर न्या आणि दारं उघडा. बाळाच्या तोंडावर धूर कधीच नको.

डोक्याला रुमाल आणि कानात कापूस? त्याने अपाय नाही. आजीला बरं वाटत असेल तर बांधा, लढाया निवडून लढाव्यात.

7. खाण्याचं पथ्य किती पाळायचं? मला फक्त भात आणि पातळ वरण देतात.

पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या बाईला रोजच्यापेक्षा साधारण 600 कॅलरी जास्त लागतात, म्हणजे पोटभरीचं एक जेवण जादा. नुसत्या भात-वरणावर ते भागत नाही. आपल्याकडचं बाळंतिणीचं जुनं खाणं उत्तम आहे: बाजरीची भाकरी, मेथी, शेपू, अळिवाची खीर, डिंक-खारीक-खोबऱ्याचे लाडू, तूप-गूळ. घोटाळा दोन ठिकाणी होतो. एक, लाडू आहेत म्हणून भाजी, डाळ, अंडी, फळं कमी होतात. दोन, "थंड" म्हणून केळी बंद. केळीच्या बागांनी भरलेल्या रावेर-यावलमध्ये बाळंतिणीच्या हातात केळं नाही, ही गंमत आम्हाला अजून पचलेली नाही. केळं खा. दही, ताक चालतं. वांगी खाऊन बाळाचं पोट दुखतं याला आधार नाही. भरिताच्या मोसमात बाळंत झालात तर मनसोक्त खा.

लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतर 180 दिवस घ्यायच्या असतात. दोन्ही एकत्र घेऊ नका, लोह अंगी लागत नाही. कॅल्शियम जेवणासोबत, लोह जेवणानंतर दोन तासांनी. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

8. माझं सिझर झालं. "तुला कुठे कळा आल्या" असं ऐकवतात.

पोटाचे थरावर थर उघडून शिवलेली ती मोठी शस्त्रक्रिया आहे. त्याच रात्रीपासून बाळाला पाजायचंही असतं. अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर पुरुष महिनाभर विश्रांती घेतो तेव्हा त्याला कुणी टोमणा मारत नाही. सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नका, पण पहिल्या दिवसापासून थोडं थोडं चाला. नुसतं पडून राहणं धोक्याचं (प्रश्न 5). पोट करकचून बांधल्याने ते आत जात नाही. उठताना आधार म्हणून सैलसर बांधलं तर हरकत नाही.

9. सगळं नीट आहे तरी रडू येतं. माय म्हणते, "रडाले काय व्हयनं तुले?" मलाच कळत नाही.

तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास बहुतेक बायकांना रडू येतं, चिडचिड होते, लहानशा गोष्टीने भरून येतं. हार्मोन एकदम उतरलेले असतात, झोप नसते, अंग दुखत असतं. दोन आठवड्यांत हे ओसरतं. जवळ माणूस आणि सलग चार तास झोप, एवढंच औषध.

दोन आठवडे उलटले तरी ओसरत नसेल, किंवा दोन-तीन महिन्यांनी नव्याने सुरू झालं, तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. बाळ झोपलं तरी झोप येत नाही, भूक नाही, कशातच मन लागत नाही, आपण वाईट आई आहोत असं सतत वाटतं, मरून जावंसं वाटतं. भारतातल्या अनेक अभ्यासांचा 2017 मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, त्यात हे प्रमाण सुमारे 22 टक्के आलं. म्हणजे लसीकरणाच्या रांगेत पाच बाया उभ्या असतील तर त्यांपैकी एक.

डॉक्टरांकडे गेल्यावर हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासायला सांगा. दोन्ही बिघडले की असंच वाटतं. समुपदेशन आहे, आणि अंगावर पाजताना चालणारी औषधंही आहेत. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. "मनाचा डॉक्टर" म्हटल्यावर घरचे बिथरत असतील तर पहिल्यांदा प्रसूती जिथे झाली त्याच डॉक्टरांना सांगा. मरणाचे विचार येत असतील तर आजच सांगा, आणि तोवर एकट्या राहू नका.

10. बाळ हातातून पडेल, मीच त्याला काही करेन असे विचार येतात. मी वेडी होतेय का?

हा प्रश्न विचारायला धाडस लागतं. असे नको ते विचार अचानक डोक्यात येणं नव्या आयांमध्ये पुष्कळ आढळतं. तुम्हाला त्यांची भीती वाटते, किळस येते, तुम्ही बाळाला आणखी जपता. हे विचार आले म्हणून कुणी तसं वागत नाही. सतत छळत असतील तर उपचार घ्या (प्रश्न 9).

वेगळी आणि तातडीची अवस्था अशी: बाई दोन-दोन दिवस झोपत नाही आणि तरी थकत नाही, असंबद्ध बोलते, तिला आवाज ऐकू येतात, बाळ बदललंय किंवा त्याच्यात काही शिरलंय अशी तिची खात्री असते. हजारात एक-दोघींना, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत असं होतं. आपल्याकडे याला बाहेरची बाधा म्हणून भगताकडे नेतात आणि मोलाचे दिवस जातात. बाळाला आणि तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. उपचाराने ती बरी होते. पुढच्या बाळंतपणात पुन्हा होण्याची शक्यता असते, म्हणून तेव्हा डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा.

11. बाळाकडे बघून मला काहीच वाटत नाही.

पुष्कळ बायकांना माया हळूहळू लागते. महिना-दोन महिने लागले म्हणून तुमच्यात खोट नाही. सोबत प्रश्न 9 मधली लक्षणं असतील तर मात्र दाखवून घ्या.

12. दुसरी मुलगी झाली. कुणी पेढा वाटला नाही. मलाच गुन्हेगार वाटतंय.

मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं. हे सगळ्यांनी शाळेत वाचलेलं असतं, आणि बाळंतिणीच्या खोलीत शिरताना सगळे विसरतात. मुलगी झाल्यावर बाईच्या ताटातलं तूप कमी होतं, भेटायला येणाऱ्यांचे चेहरे पडतात, माहेरच्यांनाही तोंड लपवल्यासारखं होतं. नैराश्य वाढवणाऱ्या कारणांत हे एक ठळक कारण आहे, म्हणून घरातल्या एका तरी माणसाने खोलीच्या दाराशीच असल्या बोलण्याला आडवं यायला हवं. ते काम नवऱ्याचं. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळाला 5000 आणि दुसरी मुलगी झाली तर 6000 रुपये मिळतात. योजनेत बसणाऱ्या गटांची यादी आणि मुदत आहे, तेव्हा आशाताईंकडे लवकर अर्ज द्या.

13. घर माणसांनी भरलंय, तरी मी एकटी का पडलेय?

कारण माणसं बाळासाठी आलेली असतात.

जुनी रीत आठवा. पहिलं बाळंतपण माहेरी. आई स्वयंपाक बघायची, काकू-मावशी रात्री बाळ घ्यायची, दाई रोज येऊन बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालायची, शेजारीण बाळंतविडा घेऊन यायची आणि जाताना दुपट्यांची बालदी पिळून वाळत घालायची. बाळंतिणीने सव्वा महिना बाहेर पडायचं नाही, चुलीकडे जायचं नाही, हा नियम या सगळ्या हातांच्या भरवशावर उभा होता. आता दाई नाही. आईचे गुडघे गेलेत किंवा ती स्वतः कामावर जाते. काकू नाशिकला, मावशी सुरतला, शेजारच्या फ्लॅटचं दार बंद. हात गेले आणि नियम तेवढे राहिले. बाहेर जायचं नाही, कुणात मिसळायचं नाही, आणि आत सोबतीला कुणी नाही. हा एकांतवास आधीच्या बायकांच्याही वाट्याला इतका आला नव्हता.

म्हणजे जुनं सगळं सोन्याचं होतं असं नाही. तेव्हाही सून अर्धपोटी असायची, मुलगी झाली की दाईलासुद्धा लुगडं कमी दर्जाचं मिळायचं. परत आणायचा तो फक्त कामाचा वाटा.

श्रावणात कानबाई, आपली खान्देशची देवी, बसते तेव्हा भाऊबंदकीतल्या बाया एकत्र येऊन रोटांचं दळण, रांधण, वाढणं बिनबोभाट निभावतात. कुणी कुणाला निमंत्रणाची चिठ्ठी देत नाही. तीच गल्ली एका बाळंतिणीच्या घरी पंधरा दिवस आळीपाळीने डबा देऊ शकते. अडतं ते विचारण्यापाशी. "काही लागलं तर सांग" या वाक्याने कुणाचं कधी भागलेलं नाही. मागणाऱ्याने काम नेमून मागावं: "मंगळवारी भाकरी-भाजी तुझी", "दुपारी दोन ते चार बाळ धर, मी झोपते", "येताना पालकाची जुडी आण". बचत गट असेल तर तिथे बोला. गटातल्या बायकांना एकमेकींच्या घरची अडचण आधीच माहीत असते. सातव्या-आठव्या महिन्यातच बोलून ठेवलं तर फार बरं, बाळ झाल्यावर मागायची ताकद उरत नाही.

आशाताईंनाही मोजा. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर त्या 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात. त्या बाळाचं वजन करतात, पण तुमच्याबद्दलही विचारणं त्यांच्या कामात आहे. दोन मिनिटं एकटीने बोलायचंय म्हणून सांगा.

14. आम्ही दोघंच शहरात आहोत. सासर-माहेर दोन्ही खान्देशात, यायला कुणी मोकळं नाही.

पुणे, नाशिक, सुरत, निम्मा खान्देश तिकडेच आहे, आणि अहिराणीत "काय शे व?" म्हटलं की अनोळखी बाईही थांबते. तुमच्याच इमारतीत साधारण तुमच्याच तारखेची एखादी गरोदर बाई शोधा. दोन नव्या आया एकमेकींना जेवढ्या उपयोगी पडतात तेवढी अनुभवी आजीही पडत नाही, कारण दोघी रात्री तीन वाजता जाग्या असतात. पैसे खर्च करायची ऐपत असेल तर झबली-खेळण्यांवर न करता धुणंभांडी आणि पोळ्यांच्या बाईवर करा. बाळंतविड्यात काय देऊ असं विचारणाऱ्याला तेच सांगा.

15. भेटायला रोज दहा माणसं येतात. नाही म्हणता येत नाही.

प्रश्न 13 मधले हात वेगळे, ही गर्दी वेगळी. यांना चहा बाळंतिणीच्या घरच्यांनाच करावा लागतो. पहिले पंधरा दिवस भेटीची एकच वेळ ठेवा आणि "डॉक्टरांनी सांगितलंय" ही ढाल खुशाल वापरा. सर्दी-खोकला असलेल्याने बाळाला हात लावायचा नाही, मग तो सख्खा मामा असो. पाजताना कुणी खोलीत नको असेल तर तसं सांगायची जबाबदारी दुसऱ्या कुणावर टाका.

16. (एका वडिलांचा प्रश्न) मी तिला माहेरी सोडून आलोय. मी इथून काय करणार?

रोजच्या फोनमध्ये बाळाच्या आधी तिचं विचारा: झोप झाली का, जेवलीस का, अंगावरून किती जातंय. प्रश्न 3 आणि 9 तोंडपाठ करा, धोका ओळखणारं माणूस तुम्ही असू शकता. जन्मदाखला, योजनेचे कागद, बँक खातं हे सगळं तुमच्याकडे घ्या. सुटीच्या दिवशी जाल तेव्हा जावईपण बाजूला ठेवा. सासुरवाडीत बाळाचं लंगोट धुतलं म्हणून हसतील, एकदाच हसतात. रात्रीचा एक टप्पा बाळ तुम्ही सांभाळा आणि तिला सलग झोपू द्या.

17. संबंध कधीपासून? पाळी आली नाही तोवर दिवस जात नाहीत ना?

साधारण सहा आठवडे, टाके भरलेले, अंगावरून जाणं थांबलेलं, आणि तिची इच्छा असेल तर. पाजत असताना कोरडेपणा येतो, दुखतं. सांगायला लाजू नका. इच्छाच होत नसेल तर तेही अनेक महिने चालतं.

पाळी येण्याआधी बीज सुटतं, त्यामुळे पाळी न येताही दिवस जाऊ शकतात. बाळ सहा महिन्यांच्या आत, पाळी अजून आलेली नाही, आणि बाळ दिवसरात्र फक्त अंगावरच पितंय, या तिन्ही गोष्टी असतील तरच स्तनपानाचा भरवसा धरता येतो. एक जरी सुटली तरी साधन हवं. सरकारी दवाखान्यात तांबी, तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन, छाया गोळ्या फुकट आहेत. तांबी बाळंतपणानंतर 48 तासांच्या आतही बसवता येते. पुढचं बाळ हवं असेल तर निदान दोन वर्षं थांबा.

18. मी मजुरी करते. कापूस वेचणी सुरू झाली, घरी बसून चालत नाही.

"आराम करा" असं तुम्हाला सांगणं फुकाचं आहे, हे आम्हाला कळतं. तरी पहिले सहा आठवडे ओझं उचलणं टाळा. अंग बाहेर येण्याचं दुखणं पुष्कळदा याच दिवसांत लवकर उचललेल्या ओझ्याने वाढतं. वेचणीला गेलातच तर बाळ सोबत न्या, सावलीत झोळी, दर दोन-तीन तासांनी पाजणं, पाण्याचा कॅन. बाळ घरी ठेवणार असाल तर दूध पिळून स्वच्छ भांड्यात ठेवा आणि वाटी-चमच्याने पाजायला सांगा, बाटली नको. खान्देशाच्या उन्हाळ्यात बाहेर ठेवलेलं दूध चार तासही धरून चालू नका.

नंदुरबारच्या आदिवासी गावांत अंगणवाडीतून अमृत आहार योजनेत स्तनदा मातेला सहा महिने रोज एक गरम जेवण मिळतं. ऊसतोडीला गुजरातेत जाणार असाल तर बाळाचं लसीकरण कार्ड आणि तुमचे कागद सोबत ठेवा, लस तिकडेही मिळते.

19. नोकरी आहे. रजा किती?

बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात 2017 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळांसाठी 26 आठवडे पगारी रजा आहे, तिसऱ्यापासून 12. त्यासाठी मागच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झालेलं असावं. कंत्राटी आहात म्हणून रजा नाही, असं सांगतात ते ऐकून गप्प बसू नका. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

20. बाळ राहिलं नाही. मला बाळंतीण म्हणायचं का?

हो. अंगावरून जाणं, टाके, रक्तदाबाचा धोका, नैराश्याचा धोका, सगळं तेच आहे, आणि काळजीचा हक्कही तोच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध येतं, आणि त्याबद्दल आधी कुणीही सांगत नाही. ते पूर्ण पिळून काढू नका, नाहीतर आणखी येतं. फार ताण आला तर थोडंसंच काढा, घट्ट बसणारी ब्रा घाला, थंड पट्ट्या ठेवा. ते आटवायचं औषधही असतं, डॉक्टरांना विचारा. आशाताईंनी भेटी थांबवल्या असतील तर घरच्यांनी त्यांना बोलावून घ्यावं. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना अशा वेळी 60 दिवसांची विशेष रजा 2022 पासून आहे.

घरच्यांसाठी: "अजून वय आहे, दुसरं होईल" हे वाक्य गिळा. बाळाचं नाव ठेवलं असेल तर ते उच्चारा. तिच्या ताटात लाडू तेवढेच पडू द्या. आणि तिला बारशांना, डोहाळजेवणांना बोलवायचं टाळू नका. यायचं की नाही ते तिचं ती ठरवेल.

21. (एका सासूबाईंचा प्रश्न) आम्ही पण पोरं काढली, शेतात गेलो, कुणाला काही सांगितलं नाही. आताच्या पोरींचं एवढं का?

मावशी, तुम्हाला त्या वेळी कुणी विचारलं असतं, तर काय सांगितलं असतं? ते आधी सुनेला सांगा. कंबर तेव्हापासून दुखते ना? लघवीचा त्रास आहे ना? तोही दाखवून घ्या, तुमच्या वयातही उपचार होतो, आणि सुनेसोबत एकाच फेरीत दवाखाना होईल. तुमच्याकडे जे आहे ते तिच्याकडे नाही: बाळ कसं धरायचं, पोट दुखताना कसं उताणं-पालथं करायचं, रात्र कशी काढायची. ते द्या. पाणी, पंखा, केळं आणि गोळ्या या चार बाबतींत मात्र डॉक्टरांचं ऐका.